काविळीच्या मुळाचा शोध

'कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते' असे आपण बोलताना सहज म्हणतो. पूर्वग्रहाने झाकोळलेल्या दृष्टीचे वर्णन म्हणून ही उक्ती मराठीत रूढ झाली आहे. वस्तुतः कावीळ झालेल्या माणसाला जग पिवळे दिसत नाही. जगाला त्याचे डोळे पिवळे दिसतात. हा पिवळेपणा इतका ठळक असतो की, एकदा तो दिसला म्हणजे रोगाचे नाव कळले असे आपण मानतो आणि पुढचा प्रश्न विचारायचे विसरतो. तो प्रश्न असा : ही कावीळ कोणती आणि ती आली कोठून?

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वैद्यकशास्त्राला अनेक दशके खर्च करावी लागली. या शोधाच्या वाटेवरील काही महत्त्वाचे टप्पे आपल्या देशात, दिल्लीत, पुण्यात आणि काश्मीरमध्ये आहेत. प्रस्तुत पाठात आपण यकृताचे कार्य, दिल्लीतील १९५५-५६ ची काविळीची साथ, तिच्या कारणाचा लागलेला छडा आणि त्यातून आपल्या रोजच्या जीवनासाठी मिळणारा बोध यांचा परिचय करून घेणार आहोत.

यकृताचे कार्य

आपल्या पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड, यकृत असते. प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन साधारणपणे सव्वा ते दीड किलोग्रॅम भरते. शरीराच्या आतील अवयवांत तो सर्वांत मोठा अवयव होय. बोलीत यकृताला 'काळीज' म्हणतात. मात्र 'काळीज धडधडले', 'काळजाला भिडले' असे म्हणताना आपल्या मनात हृदय असते. भाषेत हे दोन अवयव एकमेकांत मिसळले असले, तरी शरीरात त्यांची कामे पूर्णपणे वेगळी आहेत.

आतड्यांतून शोषले गेलेले बहुतेक अन्नरस प्रथम यकृतात येतात. जादा साखर तेथे साठवली जाते आणि गरज पडेल तशी रक्तात सोडली जाते. जखम झाल्यावर रक्त गोठावे म्हणून लागणारी प्रथिने यकृतात तयार होतात. औषधे, मद्य आणि शरीरात निर्माण होणारी घातक द्रव्ये यांचा निचरा करण्याचे कामही यकृतच करते. म्हणून यकृत हे एकाच वेळी शरीराचे कोठार, कारखाना आणि शुद्धीकरण केंद्र आहे, असे म्हणता येईल.

काविळीचा संबंध यकृताच्या आणखी एका कामाशी आहे. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्या की त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे रंगद्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलते, त्यावर प्रक्रिया करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. यकृताला सूज आली किंवा पित्ताची वाट अडली, तर हे द्रव्य रक्तात साचू लागते. मग डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, त्वचा पिवळसर दिसते आणि लघवी गडद पिवळी होते. यालाच आपण कावीळ म्हणतो.

म्हणजेच कावीळ हे आजाराचे नाव नसून आजाराचे लक्षण आहे. ताप जसा मलेरियाने येतो आणि विषमज्वरानेही येतो, तशी कावीळही निरनिराळ्या कारणांनी होते. पित्तनलिकेत अडकलेला खडा, दीर्घकाळ केलेले मद्यपान, काही औषधांचा दुष्परिणाम आणि विषाणूंचा संसर्ग ही त्यांतील काही कारणे होत. विषाणूंमुळे यकृताला येणाऱ्या सुजेला 'हिपॅटायटिस' किंवा यकृतदाह म्हणतात.

दिल्लीतील साथ

नव्या दिल्लीत कनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग आहे. महाराष्ट्र सदनाची नवी वास्तू याच मार्गावर असल्याने कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या मराठी माणसांच्या तो परिचयाचा झाला आहे. १९५५ मध्ये या रस्त्याचे नाव कर्झन रोड असे होते. जुन्या दिल्लीच्या अरुंद गल्ल्या असोत की नव्या दिल्लीचे असे रुंद, सावलीचे रस्ते असोत, शहराची तहान मुख्यतः यमुनेच्या पाण्यावर भागत असे. शहराच्या उत्तरेस वजिराबाद येथे नदीतून पाणी उचलले जाई आणि शुद्ध करून नळांवाटे घरोघर पोहोचवले जाई.

वजिराबादच्या थोडे खाली नजफगड नाला यमुनेस मिळतो. हा नाला शहराचे सांडपाणी वाहून आणी. सांडपाणी पाणी उचलण्याच्या जागेच्या खालच्या अंगाला मिसळत असल्याने एरवी ते नळांच्या पाण्यात शिरण्याचा संभव नव्हता. परंतु १९५५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर नदीच्या प्रवाहाने आपली वाट बदलली. त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यास काही दिवस नाल्याचे पाणी उलट दिशेने सरकून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले.

जलशुद्धीकरण केंद्रातील अभियंत्यांच्या ध्यानात हा धोका आला होता. त्यांनी पाण्यातील गाळ खाली बसावा म्हणून तुरटीचे आणि जंतू मरावेत म्हणून क्लोरीनचे प्रमाण वाढवले. या उपायाचा उपयोगही झाला. विषमज्वर, हगवण असे जिवाणूंमुळे होणारे आणि दूषित पाण्यातून पसरणारे रोग शहरात वाढले नाहीत. संकट टळले असे कोणालाही वाटावे, अशीच ती स्थिती होती.

पण डिसेंबर उजाडला आणि शहरात काविळीचे रुग्ण दिसू लागले. पाहता पाहता त्यांची संख्या वाढत गेली. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाल्याचा अंदाज आहे. पाणी दूषित होणे आणि रुग्ण दिसू लागणे यांच्यामध्ये काही आठवड्यांचे अंतर होते. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत या आजारात दोन ते दहा आठवडे, सरासरीने पाच ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच ज्या दिवशी डोळे पिवळे दिसले, त्या दिवशी प्यालेल्या पाण्यात दोष शोधून भागत नाही. महिना-दीड महिना मागे जावे लागते.

दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेचे डॉ. आर. विश्वनाथन यांनी या साथीचा बारकाईने अभ्यास केला आणि १९५७ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पाण्यातून पसरलेल्या काविळीचा इतका तपशीलवार अभ्यास जगात तोपर्यंत क्वचितच झाला होता. त्यांनी नोंदवलेल्या दोन गोष्टी पुढे फार महत्त्वाच्या ठरल्या. पहिली अशी की, आजार लहान मुलांपेक्षा तरुण व प्रौढ माणसांत अधिक होता. दुसरी अशी की, इतर रुग्ण बहुतांशी बरे होत असताना गरोदर स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते. या दोन्ही गोष्टींचा अर्थ त्या वेळी उलगडला नाही. पण त्या लिहून ठेवल्या गेल्या.

पुण्यात उलगडलेले कोडे

त्या काळी संसर्गाने होणाऱ्या यकृतदाहाचे दोन प्रकार मानले जात. दूषित अन्नपाण्यातून होणारा तो 'ए' आणि रक्तातून होणारा तो 'बी'. दिल्लीची साथ पाण्यातून पसरली, तेव्हा ती 'ए' प्रकारची असणार, असे सर्वांनी गृहीत धरले. या गृहीताची परीक्षा करण्याचे साधनच तेव्हा उपलब्ध नव्हते, कारण दोहोंपैकी एकही विषाणू कोणाला सापडला नव्हता.

पुढे परिस्थिती पालटली. १९६५ मध्ये बरुख ब्लुमबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तात आढळलेल्या एका प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. हे प्रथिन 'बी' विषाणूचे असल्याचे नंतर स्पष्ट झाले आणि ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ मध्ये 'ए' विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. आता रक्त तपासून 'या माणसाला ए झाला होता का, बी झाला होता का' हे सांगणे शक्य झाले.

दिल्लीच्या साथीतील काही रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेतील रॉबर्ट पर्सेल व त्यांचे सहकारी यांनी मिळून हे नमुने नव्या चाचण्यांनी तपासले. पुण्याची ही संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली होती. दिल्लीच्या जोडीला अहमदाबादच्या साथीतील आणि पुण्यातील रुग्णांचे नमुनेही तपासण्यात आले. १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दिल्लीची साथ 'ए' विषाणूची नव्हती आणि 'बी' विषाणूचीही नव्हती. पंचवीस वर्षे जे सर्वांनी खरे मानले, ते चुकीचे ठरले.

मग विश्वनाथन यांनी नोंदवलेल्या पहिल्या गोष्टीचा अर्थ लागू लागला. त्या काळी आपल्या देशात 'ए' विषाणूची बाधा बहुतेक सर्वांना बालपणीच, अनेकदा नकळत, होऊन जात असे. एकदा ती झाली की शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होते आणि ती टिकते. मोठ्या माणसांजवळ हे कवच आधीच असताना 'ए' विषाणूने हजारो मोठी माणसे आजारी पडणे शक्यच नव्हते. म्हणजे पाण्यातून येणारा आणखी एखादा विषाणू असला पाहिजे, ज्याची ओळख अजून कोणालाही पटलेली नाही. पुढे डॉ. विद्या आरंकल्ले यांच्यासह पुण्याच्या संस्थेतील संशोधकांनी केलेल्या अभ्यासांतून हेच चित्र अधिक स्पष्ट झाले. 'ए' ची बाधा बालपणी, तर या नव्या विषाणूची बाधा मुख्यतः तरुण वयात होते, असे त्यांना आढळले.

काश्मीर आणि मॉस्को

याच सुमारास काश्मीरमध्येही हाच विचार स्वतंत्रपणे पुढे आला होता. १९७८ च्या अखेरीस काश्मीर खोऱ्यातील अनेक खेड्यांत काविळीची साथ पसरली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू या तरुण डॉक्टरांनी बर्फाळ दिवसांत गावोगावच्या रुग्णांची पाहणी केली. गावकरी ज्या ओढ्यांचे व झऱ्यांचे पाणी पीत, ते दूषित झालेले होते. रुग्णांचे रक्त तपासल्यावर 'ए' वा 'बी' यांपैकी कशाचीही खूण मिळाली नाही. माणसाला ग्रासणारा आणखी एक यकृतदाहाचा विषाणू असावा, असे त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडले.

विषाणू आहे हे तर्काने पटले होते. तो प्रत्यक्ष दिसायचा होता. हे काम १९८३ मध्ये मॉस्कोचे शास्त्रज्ञ मिखाईल बालायन यांनी केले. अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैनिकांत काविळीची साथ आली होती. बालायन यांनी नऊ रुग्णांच्या विष्ठेपासून तयार केलेला अर्क स्वतः प्राशन केला. त्यांना 'ए' ची बाधा पूर्वी होऊन गेलेली होती, म्हणून आता कावीळ झाली तर ती दुसऱ्याच विषाणूची असणार, हे निश्चित होते. काही आठवड्यांनी ते आजारी पडले. त्यांच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अतिसूक्ष्म गोलाकार कण दिसले. स्वतःच्या जिवावर उदार होऊन केलेला असा प्रयोग आज कोणत्याही संशोधन संस्थेत मान्य होणार नाही. तथापि त्या प्रयोगाने विषाणूचे अस्तित्व सिद्ध झाले. १९९० मध्ये या विषाणूचा जनुकीय आराखडा हाती येऊ लागला आणि त्याला 'हिपॅटायटिस ई' हे नाव स्थिर झाले.

दिल्लीत साथ आली १९५५ मध्ये, विषाणू दिसला १९८३ मध्ये. मधल्या अठ्ठावीस वर्षांत तो आपल्या नद्यांतून, विहिरींतून आणि नळांतून वावरतच होता. नाव नसलेल्या शत्रूविरुद्ध लढणे अवघड असते, याचे हे उदाहरण आहे.

गरोदर स्त्रीला असलेला धोका

विश्वनाथन यांनी नोंदवलेली दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. खुरू यांनी काश्मीरच्या साथीत तिचा खोलवर अभ्यास केला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, कावीळ झालेल्या दर पाच गरोदर स्त्रियांपैकी सुमारे एकीचे यकृत अचानक निकामी झाले. गरोदर नसलेल्या रुग्ण स्त्रियांत मात्र असे एकही उदाहरण आढळले नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा धोका सर्वाधिक असतो. आईबरोबर बाळाचाही जीव धोक्यात येतो.

एकच विषाणू नवऱ्याला पंधरा-वीस दिवस अंथरुणास खिळवतो आणि त्याच घरातील गरोदर पत्नीचा प्राण घेऊ शकतो. असे का घडते याचा अभ्यास अद्याप चालू आहे. पण काय करावे हे मात्र निश्चितपणे ठाऊक आहे. गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, सतत उलट्या होऊ लागल्या, तर घरी वाट पाहू नये. त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे. 'कावीळच तर आहे, उतरेल' हे वाक्य तिच्या बाबतीत कोणीही उच्चारू नये.

एक लक्षण, पाच विषाणू

आज यकृतदाहाचे पाच प्रमुख विषाणू ज्ञात आहेत. त्यांचे दोन गट पाडले तर ते लक्षात ठेवणे सोपे जाते.

'ए' आणि 'ई' हे तोंडावाटे शरीरात शिरतात. रोग्याच्या विष्ठेतील विषाणू पाण्यात वा अन्नात मिसळतो आणि दुसऱ्याच्या पोटात जातो. हे आजार सहसा काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि यकृतावर कायमचा परिणाम होत नाही.

'बी', 'सी' आणि 'डी' हे मुख्यतः रक्तातून पसरतात. न तपासलेले रक्त, एकदा वापरलेली सुई वा पाते पुन्हा वापरणे, असुरक्षित शरीरसंबंध, तसेच बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाकडे, अशा वाटांनी ते पसरू शकतात. यांतील 'डी' हा विषाणू 'बी' च्या सोबतीनेच वाढतो. 'बी' व 'सी' शरीरात वर्षानुवर्षे दडून राहू शकतात. या काळात डोळे पिवळे होतीलच असे नाही. आतल्या आत यकृतावर व्रण पडत जातात, ते कठीण होते आणि कधी कधी कर्करोगही उद्भवतो. म्हणजे पिवळे न दिसणारे यकृतरोगही असतात आणि ते अधिक फसवे असतात.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. 'बी' साठी प्रतिबंधक लस आहे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने ती भारतात बनवली आणि महाग असलेली ही लस सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. आता सरकारी लसीकरणात ती नवजात बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दिली जाते. 'सी' चा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि त्याच्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूवर लस नाही, पण सुमारे तीन महिने गोळ्या घेतल्यास बहुतेक सर्व रुग्ण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी भारत सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'बी' व 'सी' यांची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळण्याची सोय करण्यात आली. यकृत पूर्णपणे निकामी झाले, तर यकृतरोपण हा अखेरचा उपाय असतो. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत पहिले यशस्वी यकृतरोपण झाले. यकृताचा काही भाग काढला तरी उरलेला भाग वाढून भर काढतो, म्हणून जिवंत माणूसही आपल्या आप्ताला यकृताचा भाग देऊ शकतो.

'ई' च्या बाबतीत स्थिती निराळी आहे. सर्वसाधारण रुग्णाला कोणत्याही खास औषधाची गरज पडत नाही. विश्रांती, पुरेसे पाणी, पचेल असा नेहमीचा आहार आणि डॉक्टरांची देखरेख एवढे पुरते. चीनने २०११ मध्ये 'ई' वरील लसीला मान्यता दिली आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधील निर्वासितांच्या छावणीत साथ रोखण्यासाठी ती प्रथमच वापरण्यात आली. भारताच्या नियमित लसीकरणात मात्र ती नाही.

माळ, डाग आणि पथ्य

आपल्याकडे काविळीवर माळ घालण्याची प्रथा आहे. मुळ्यांच्या वा काटक्यांच्या तुकड्यांची माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. ती दिवसागणिक सैल होत गळ्यात आणि मग खाली उतरते, तशी कावीळ उतरते असे मानतात. काही ठिकाणी हातावर तापलेल्या वस्तूने डाग देतात, कोठे नाकात रस पिळतात.

या उपायांनी माणसे बरी होताना दिसतात, हे खोटे नाही. पण ती का बरी होतात हे आता आपल्याला सांगता येते. 'ए' वा 'ई' ची कावीळ बहुतेकांत स्वतःहूनच उतरते. ओल्या काटक्या सुकून बारीक होतात, म्हणून माळ सैल पडते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात एवढेच. एकीमुळे दुसरी घडत नाही. बरे होणाऱ्या नऊ जणांचे श्रेय माळेला मिळते आणि न बरा होणाऱ्या दहाव्याचा दोष त्याच्या नशिबावर जातो. तो दहावा माणूस म्हणजे एखादी गरोदर स्त्री असू शकेल, 'बी' चा जुना रुग्ण असू शकेल किंवा पित्तखडा अडकलेला वृद्ध असू शकेल. माळ उतरण्याची वाट पाहण्यात गेलेले दिवस त्यांना परत मिळत नाहीत.

पथ्याच्या बाबतीतही विचार करायला हवा. रोग्याला केवळ उसाचा रस आणि लाह्या यांवर ठेवल्याने तो अधिक अशक्त होतो. त्यातही रस्त्यावरच्या रसातील बर्फ दूषित पाण्याचा असेल, तर औषध म्हणून आपण रोगच विकत आणतो. मद्य मात्र पूर्ण वर्ज्य करावे आणि तापाची वा अंगदुखीची कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण तिचा भार आजारी यकृतावरच पडतो. रुग्ण सुस्त होऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येऊ लागले, तर ती धोक्याची लक्षणे समजून त्वरित रुग्णालय गाठावे.

मूळ पाण्यात आहे

दिल्लीची साथ इतिहासजमा झाली, पण तिचे कारण इतिहासजमा झाले नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि काही जणांचे प्राण गेले. तिचे कारणही 'ई' विषाणू हेच होते. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांची गाठ पडते तेथे, मग ती नदीत पडो वा गळक्या नळजोडात पडो, हा विषाणू आपली संधी साधतो.

वजिराबादच्या अनुभवातून आणखी एक धडा मिळतो. क्लोरीन टाकले म्हणजे पाणी निर्धोक झालेच, असे नाही. पाणी गढूळ असेल, त्यात मैला मिसळला असेल, तर क्लोरीनचा बराच भाग त्या घाणीतच खर्ची पडतो. जिवाणूंच्या मानाने चिवट असणारा विषाणू त्यातून वाचू शकतो. पाणी आधी स्वच्छ असावे, क्लोरीन योग्य प्रमाणात असावे आणि त्याला काम करण्यास पुरेसा वेळ मिळावा, या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. म्हणूनच आपल्या गावांत विहिरीत वा टाकीत टी.सी.एल. पावडर टाकल्यानंतर ओ.टी. चाचणी करतात. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. तुमच्या गावात वा वस्तीत ही चाचणी केव्हा झाली, हे ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत जाऊन विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तो प्रश्न विचारण्यासाठी वैद्यकीय शिक्षणाची गरज नाही.

घरापुरते सांगायचे तर उपाय साधे आहेत. पाण्याला गढूळपणा वा वास आला, पूर आला किंवा जवळपास काविळीचे रुग्ण आढळले, तर पाणी खळखळ उकळून, झाकून ठेवून प्यावे. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. शौचालयाचाच वापर करावा. नळजोड गटारातून गेला असेल, तर तो बदलून घेण्यासाठी शेजाऱ्यांनी मिळून अर्ज करावा. एका घराचे पाणी शुद्ध राहून भागत नाही. नळ साऱ्या वस्तीचा एकच असतो.

दिल्लीच्या साथीत रक्त देणाऱ्या रुग्णांना आपल्या आजाराचे खरे नाव तेव्हा कळू शकले नाही. परंतु कोणी रुग्णांची नीट पाहणी केली, कोणी नमुने जपून ठेवले, कोणी पंचवीस वर्षांनी ते पुन्हा तपासले आणि मानलेल्या उत्तरावर प्रश्न उपस्थित केला. त्या सर्वांच्या चिकाटीमुळे आज आपल्याला कावीळ दिसताच दोन प्रश्न विचारता येतात. ही कावीळ कोणती, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा. ती आली कोठून, हा प्रश्न आपल्या पाण्याला आणि ते पुरवणाऱ्या व्यवस्थेला विचारायचा. पहिल्या प्रश्नाने रुग्णाचा जीव वाचू शकतो आणि दुसऱ्याने साऱ्या गावाचा.